नदीकाठच्यांना सतर्कतेचा इशारा

गेल्या आषाढापासून मी माझ्याच घरात पायरीवर बसतो.

खुर्ची आहे. चांगली हातांची, लाल प्लास्टिकची. निवृत्तीच्या समारंभात शाल, नारळ आणि चार भाषणं मिळाली. बसायला काही मिळालं नाही, म्हणून ही मी मंचरहून स्वखर्चाने आणली. धरणाची भिंत समोर दिसेल अशी ती ओटीवर मांडलेली आहे. पण तिच्याखाली ब्रूनो झोपतो, आणि मी टेकायला गेलो की खालून आवाज येतो. मोठा नाही. कालव्याला पहिलं पाणी सोडल्यावर मोरीतून येतो तसला, घशातल्या घशात घोळणारा. मी तेव्हा अर्धा वाकलेला असतो. तसाच सरळ होतो, खाली पडलेलं काहीतरी शोधत होतो असं दाखवतो आणि पायरीवर जाऊन बसतो.

"खुर्ची सोडून पायरीवर कशाला बसता?" बायको आतून विचारते.

"इथं जरा गार वाटतं."

आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल, सदरे चुलीपाशी वाळत घातलेले. अशा दिवसांत डिंभ्यात गारव्यासाठी पायरीवर बसणारा माणूस माझ्याआधी झालेला नसावा.

खुर्ची माझीच, यात वाद नाही. पण आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, ते मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली आणि तहसील कचेरी घोडेगावात. नाव एकाचं, जागा दुसऱ्याची, कारभार तिसरीकडे, याचं आम्हाला नवल नाही. खुर्चीचंही तसंच झालं. नाव माझं, ताबा ब्रूनोचा, कारभार बायकोचा.

ब्रूनो मूळचा मुलाचा. मुलगा चिंचवडला पाचव्या मजल्यावर राहतो. त्याने आणलं तेव्हा ते मखमली पिल्लू ओंजळीत मावत होतं. वर्षभरात ते तीस किलोचं झालं, सुनेच्या चपलांचे फक्त पट्टे उरले आणि लिफ्टमध्ये कोणी आधी जायचं यावरून सोसायटीच्या दोन सभा झाल्या. मग एका रविवारी गाडी दारात आली.

"नाना, याला मोकळी हवा पाहिजे," मुलगा म्हणाला.

मी सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. बदलीची भाषा मला कळते. अडचणीच्या माणसाला दुर्गम भागात पाठवताना साहेब लोकही मोकळ्या हवेचंच कौतुक करतात.

"चावत नाही ना?"

"नाना, लॅब्रेडॉर आहे तो! लॅब्रेडॉर साधा गुरगुरतसुद्धा नाही."

हे वाक्य त्याने गाडीत बसून, काच अर्धी वर घेऊन उच्चारलं, याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

महिनाभर तो खरोखर गुरगुरला नाही. मी हे गावात चार ठिकाणी सांगितलं, तिथेच चुकलं. आषाढी एकादशीच्या सकाळी हे महाशय धरणाच्या काठावरून परतले ते तोंडात कटल्याचं डोकं घेऊन. माझी आई शहाऐंशी वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. ब्रूनोने ते डोकं नेमकं तुळशी वृंदावनाच्या पायथ्याशी ठेवलं आणि दोन्ही बाजूंना पुढचे दोन पाय पसरून बसला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, अभिषेक चाललाय.

"सोड," मी म्हणालो.

तेव्हा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अंगावरचं पाणी झटकलं की लोळण घेणारा, शेपटीने चहाचे कप पाडणारा ब्रूनो लाकडासारखा ताठ झाला होता. मान खाली, डोळे वर, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय. मी हात मागे घेतला आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने अशा वेळी जे करायचं ते केलं. बायकोला हाक मारली.

पण आली आई. हातात वाटी, वाटीत भगरीवर घ्यायचं तूप.

"अरे, नामदेवाच्या पानातली भाकरी कुत्र्यानं पळवली, तवा नामदेव काठी घिऊन धावलं का तुपाची वाटी?"

"आई, नामदेव संत होते. मी पाटबंधारे खात्यात होतो."

तिने उत्तर दिलं नाही. वाटी चार हातांवर ठेवली आणि "बुरून, ये" म्हणाली. ब्रूनोने कटल्याकडे बघितलं, तुपाकडे बघितलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि उठला. तो वाटी चाटतोय तोवर मी ते डोकं उचलून भिंतीपलीकडे भिरकावलं. पलीकडे तात्यांचं अंगण. तात्याही माळकरी. पण ते प्रकरण वेगळं, आणि आता मिटलं आहे.

खरं म्हणजे गुरगुरीचा विषय तिथेच संपायला हरकत नव्हती. पण सांगणारी माझी आई होती, आणि आईचं ऐकायला तिच्याकडे निदान एखादा व्हिडिओ तरी असावा लागतो. मी तज्ज्ञ शोधायला निघालो. लांब जावं लागलं नाही. धरण किती टक्के भरलं आणि दुसऱ्याचं कुत्रं कसं वळवावं, या दोन विषयांत आमच्याकडे अडाणी माणूस सापडत नाही.

"धाक पाहिजे," तात्या म्हणाले. "कुत्र्याला घरातलं मोठं कोण ते कळलं पाहिजे."

"त्याला कळलंय," बायको आतून म्हणाली.

तात्यांचा भाचा नारायणगावला असतो. त्याने मोबाईल काढला. "नाना, तुम्ही अल्फा व्हा."

"म्हणजे काय करू?"

"त्याच्या आधी जेवायचं. दारातून त्याच्या आधी बाहेर पडायचं. आणि तो गुरगुरला की त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं अन् त्याच्याहून मोठ्यानं गुरगुरायचं. एकदाच. जन्मात परत आवाज काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी बायको दळण आणायला गेलेली बघून मी अल्फा व्हायचं ठरवलं. खुर्चीजवळ गेलो. खालून आवाज आला. मी गुडघे टेकले, हात टेकले, त्याच्या नाकासमोर नाक आणलं आणि पोटातून गुरगुरलो. पहिला प्रयत्न खोकल्यासारखा झाला. दुसरा बरा जमला. तिसऱ्याला तर मला स्वतःचीच जरा भीती वाटली. ब्रूनोने तोंड वळवून जांभई दिली. मला वाटलं, हरला. चौथ्यांदा गुरगुरायला मी श्वास भरून घेतला आणि मागून कोणी तरी म्हणालं,

"नाना, कधीपासून होतंय हे?"

आशाताई. तापाच्या रुग्णांची पाहणी करत घरोघर फिरत होत्या. वही-पेन हातात.

"काही नाही, सहज," मी चार पायांवरूनच म्हणालो.

"कुत्रं चावलं होतं का मागं कधी? पाणी प्यायला त्रास होतो का?"

मी त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं. घाईत ठसका लागला. आशाताई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी वहीत काही तरी लिहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी घोडेगावला पोहोचली असावी, कारण रात्री चिंचवडहून फोन आला.

"नाना, ते अल्फा-बिल्फा कधीच बाद झालं," मुलगा म्हणाला. "डेव्हिड मीच म्हणून लांडग्यांचा मोठा अभ्यासक आहे. त्याच्या १९७० च्या पुस्तकामुळे ते पसरलं आणि १९९९ मध्ये त्यानंच लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आईबाप आणि त्यांची पोरं."

"म्हणजे अल्फा म्हणजे नुसता बाप?"

"हो."

मग त्या पदाला किती किंमत असते ते मला ठाऊक होतं. मी राजीनामा दिला.

राहिला धाक. तात्यांनी पद्धत सांगितली होती: पेपरची गुंडाळी करायची, तो गुरगुरला की फरशीवर फाडकन आपटायची आणि "गप्प!" म्हणून ओरडायचं. ही मला आवडली, कारण हिच्यात नोंदवही ठेवता येत होती. सेवेत असताना मी धरणाची पातळी लिहायचो. साडेतेरा टीएमसी पाण्याचा हिशेब ठेवलेला माणूस, कुत्र्याचा ठेवू शकणार नाही? दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. सोमवार, सकाळी सात दहा. कारण: खुर्ची. कालावधी: चार सेकंद. कार्यवाही: पेपर आपटला. शेरा: शांत. सोमवार, दुपारी एक. कारण: डोक्यावरून हात फिरवला. कार्यवाही: वरीलप्रमाणे. शेरा: तोंड फिरवले, ओठ चाटले, बहुधा भूक. मंगळवार. शेरा: जांभई दिली, कंटाळलेला दिसतो.

नवव्या दिवशी रकान्यात "निरंक" पडलं. दहाव्या दिवशी निरंक. सलग सहा दिवस निरंक. मी ती वही तात्यांना दाखवली, भाच्याला दाखवली, आशाताईंनाही मुद्दाम थांबवून दाखवली. खुर्चीवर मात्र बसलो नाही. घाई कशाला?

शनिवारी व्याही आले. पुण्याचा माणूस, कुत्र्याला दबकून गाडीतून उतरेना.

"या हो, आपलंच आहे," मी म्हणालो. "काडीमात्र आवाज काढणार नाही. हे बघा." आणि मी ब्रूनोचं डोकं कुरवाळलं, कान धरून हलवला.

काडीमात्र आवाज त्याने खरंच काढला नाही. एवढंच, की माझ्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून खाली त्याच्या तोंडात होती. सदरा आहेराचा, व्याह्यांनीच दिलेला. हात वाचला, ओरखडासुद्धा नाही. ब्रूनोने बाही सोडली आणि माझ्याहून जास्त घाबरून ओटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला.

"न सांगतासवरता?" गाडीतून व्याही म्हणाले.

न सांगतासवरता. वहीत तसं स्पष्ट होतं. निरंक.

सोमवारी तात्यांच्या म्हशीला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते. त्यांना हाताला धरून आणलं. ते ओटीवर बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर, ब्रूनोकडे पाठ अर्धी वळवून. त्याच्याकडे बघेनात, बोलावीनात. चहा घेतला. पाच मिनिटांनी ब्रूनो आपणहून उठला, त्यांचा हात हुंगला, आणि डॉक्टरांनी माझ्याशी पावसाच्या गप्पा मारता मारता त्याच्या कानाची पाळ उलटी केली.

"नाना, कान बघितला होता का?"

कान मी रोज बघत होतो. आतून बघितला नव्हता. तीन आठवडे मी त्या कानात "गप्प" म्हणून ओरडत होतो. आत लाल भडक झालेलं, वास मारत होतं. लॅब्रेडॉर पाणी दिसलं की उडी मारतो, कान लोंबते, आत वारा शिरत नाही. त्यात डिंभ्याचा पाऊस. ओल साठून कान चिघळला होता. डोक्यावरून हात फिरवला की ठणका लागायचा.

"मग पेपर आपटल्यावर गप्प कसा झाला?"

डॉक्टरांनी वही चाळली. बारकाईने चाळली, खात्यात असताना इतक्या मनापासून माझी वही कोणी वाचली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "नाना, धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा का वाजवतात?"

"काठावरची माणसं, गुरं, मोटारी हलाव्यात म्हणून."

"समजा, लोक म्हणाले भोंग्याचा त्रास होतो. तुम्ही भोंगा बंद केला. मग?"

"मग... पाणी येणारच."

"येणारच. बिनभोंग्याचं." डॉक्टरांनी माझ्या बाहीकडे बघितलं. "आणि हे काय लिहिलंय? जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं. भोंग्याच्या आधी पातळी चढते, तीही त्यानं तुम्हाला दाखवली. तुम्ही शेऱ्यात लिहिलंत 'भूक'."

मी काही बोललो नाही. पूरनियंत्रणाच्या कामाला आयुष्य दिलेला माणूस मी. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, हे वाक्य मी हजारदा तरी लिहिलं असेल. आणि घरात भोंगा वाजला तेव्हा मी भोंग्यालाच पेपर मारला.

डॉक्टरांनी कान धुतला, थेंब दिले, पोहून आला की कान कोरडा करायला सांगितलं. म्हणाले, गुरगुरला की थांबायचं, बाजूला व्हायचं, आणि भांडण न काढता तो कशावरून गुरगुरतोय ते शोधायचं. अचानक गुरगुरायला लागला तर आधी दुखणं बघायचं. तोंडातली वस्तू ओढायची नाही; तिच्याहून चांगली वस्तू द्यायची आणि मग उचलायची.

"तुपाची वाटी," आई दारातून म्हणाली.

"अगदी बरोबर, आजी."

त्यानंतर तिने नामदेवांचा विषय दोन दिवस काढला नाही. नुसती माझ्याकडे बघून माळ ओढायची.

त्या दिवसापासून आमच्या घरात गुरगुर क्युसेकमध्ये मोजतात. खुर्चीखालची नेहमीची दोनशे क्युसेक, तिला आम्ही कालव्याचं आवर्तन म्हणतो. मांजर कुंपणावर आली की आठशे. घंटा वाजवत भंगारवाला आला की थेट सांडव्यावरून. "नाना कुठे आहेत?" असं कोणी विचारलं आणि बायको "पायरीवर, विसर्ग सुरू आहे" म्हणाली, की गावकरी समजून घेतात.

या मोजमापात बायको तरबेज आहे. आतून, चपात्या लाटता लाटता, न बघता सांगते: ही खेळाची, ही रागाची, ही नुसती स्वप्नातली. मला मात्र सगळ्या सारख्याच वाटतात. मुलाने सांगितलं, हंगेरीत बुडापेस्टला यावर रीतसर संशोधन झालंय. तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांच्या गुरगुरी ध्वनिमुद्रित केल्या: हाड राखतानाची, अनोळखी माणसाला बघून केलेली, दोरी ओढण्याच्या खेळातली. मग एका कुत्र्यापुढे हाड ठेवलं आणि लपवलेल्या स्पीकरवरून आवाज लावले. हाड राखणारी गुरगुर ऐकली की ते मागे सरायचं, बाकीच्यांना फारशी दाद द्यायचं नाही. २०१० सालची गोष्ट. पुढे २०१७ मध्ये त्यांनी चाळीस माणसांना तेच ऐकवलं. माणसांनी शंभरातल्या ६३ ओळखल्या, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त जमलं.

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

हा निकाल लावायला बुडापेस्टपर्यंत जायची गरज नव्हती.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. एकदा तात्यांचा सहा वर्षांचा नातू आणि ब्रूनो मागच्या अंगणात एका गोणपाटाची दोन टोकं धरून होते, आणि ब्रूनोचा आवाज असा, की दहा हजार क्युसेकच्या खाली काही नसावं. मी "पोरगं गेलं!" म्हणून ओरडत धावलो. शेणाच्या चिखलावरून पाय सटकला, बसलो तो घसरत गोणपाटावरच. आवाज थांबला. पोरगं आणि कुत्रं, दोघंही माझ्याकडे खेळ मोडणाऱ्याकडे बघतात तसे बघत होते. मग ब्रूनोने पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग वर केला, शेपूट हलवली आणि गोणपाटाचं टोक माझ्या हातात आणून दिलं.

"नाना, आता तुझी पाळी," पोरगं म्हणालं.

"खेळाची आहे ती!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. मी चिखलात बसल्यानंतर.

मग ती भाद्रपदातली रात्र. आमच्याकडे बिबट्या पाहुणा नाही, रहिवासी आहे. खाली घोडेगाव-मंचरच्या बाजूला उसात त्याची बाळंतपणं होतात, जुन्नरला माणिकडोहमध्ये त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे. कुत्र्यांवर त्याचा विशेष जीव. पलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या जेवणाचा हिशेब काढला, तर वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून तर वस्तीवरच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात. तात्यांच्या वाघ्याला आहे. ब्रूनोच्या गळ्यात चिंचवडहून आलेला निळा पट्टा, त्यावर हाडाच्या आकाराचा बिल्ला.

रात्री दोनला आईच्या खाटेखालून आवाज सुरू झाला. मी ऐकलेल्या सगळ्यांत खोल. खाट थरथरत होती.

"किती?" मी अंथरुणातून विचारलं.

"सगळे दरवाजे उघडलेत," बायको म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता.

खिडकीतून बॅटरी मारली. कुंपणाशी, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, दोन डोळे. पिवळे. मागे ठिपके. मी फोन केला तात्यांना, तात्यांनी भाच्याला, आणि पाच मिनिटांत सगळी वस्ती बॅटऱ्या, काठ्या, तेलाचे रिकामे डबे घेऊन अंगणाच्या बाहेर. डबे वाजले. गणपतीतले उरलेले सुतळी बॉम्ब फुटले. बिबट्या हलला, पण गेला नाही. उलट वाऱ्याच्या झोतासरशी एक पाऊल पुढे आला. तेव्हा पांगापांग झाली. धाकावर विश्वास असलेले तात्या आमच्या संडासात शिरले आणि आतून कडी लावून म्हणाले, "नाना, मी हितून लक्ष ठेवतो!"

डबे बडवणाऱ्यांत एक शाळकरी पोरगी होती. तिने बॅटरी जरा खाली धरली आणि मोठ्याने वाचलं, "रात्री एकट्याने फिरू नये. उघड्यावर वाकून बसू नये. मुलांना एकटे सोडू नये."

वळणावरच्या खांबाला लावलेला बिबट्याविषयी जनजागृतीचा फलक होता. वाऱ्याने दोऱ्या तुटून उडाला आणि आमच्या कुंपणाला येऊन अडकला. चित्र खरंच छान होतं. पावसात भिजून आणखीच ताजंतवानं झालं होतं.

या सगळ्या गोंधळात खिळ्यांचा पट्टा घातलेला वाघ्या तात्यांच्या पडवीत, डबे, फटाके, माणसं यांच्यामध्ये, गाढ झोपलेला होता. खरा बिबट्या आणि कागदी बिबट्या यांतला फरक त्याला नाकाने कळला असणार. चिंचवडच्या नाकाला इतकं कुठलं यायला! पण आई म्हणाली, "बुरूननं सांगितलं तरी. मागं याच बाबानं त्याला गप केलं असतं." तिने उठून त्याला वाटीभर तूप दिलं. तात्यांना बाहेर काढायला अजून अर्धा तास लागला. कडी अडकली होती.

तुपाचं मात्र पुढे अंगाशी आलं. ब्रूनोला व्यवहार कळला. आता तो चप्पल पळवत नाही; चप्पल घेऊन येतो, माझ्यासमोर ठेवतो, तिच्यावर पाय ठेवतो आणि स्वयंपाकघराकडे बघतो. गुरगुरसुद्धा नाही. नुसती बोली. मागच्या आठवड्यात माझा चष्मा एक वाटी तुपाला सुटला. डॉक्टर म्हणाले, वजन पाच किलो वाढलंय, तुपाच्या जागी काकडी द्या. काकडीला तो फक्त मोजा परत करतो, तोही एक. खुर्चीचा भाव अजून ठरलेला नाही; मी तीन चपात्यांपर्यंत गेलोय.

काल सकाळी पेपर आला. आमच्याकडे तो नऊपर्यंत येतो आणि पहिला मी वाचतो. पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. मी पायरीवर बसलो होतो, पेपर शेजारी ठेवला होता, चहाची वाट बघत होतो. तात्या आले, "काय म्हणतंय जग?" म्हणत वाकले आणि त्यांनी पेपर उचलला.

मी काही बोललो नाही. बोललो नाही, हे मी शपथेवर सांगेन. घशात काही तरी झालं असेल. खुर्चीखालून ब्रूनोने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग तोंड फिरवून जांभई दिली.

"तात्या," बायको आतून म्हणाली, "काठावरून हटा बरं. भोंगा झाला."

तात्यांनी पेपर होता तिथे ठेवला आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले. तुपाची वाटी आणायला मात्र कोणी उठलं नाही.